दोघींच्या हातावर एकच तुळस

कॅन्सर आईला झाला होता.
गेली हिरामावशी.

आज सकाळी खाडीवर तिचं दहावं झालं. तरी माझ्या डोक्यात अजून नीट शिरत नाहीये.

हिरामावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. आईची मैत्रीण. दोघी दिघाशीच्या, दोघी लग्न होऊन पूर्ण्याला आल्या, एकाच आळीत. आईशी भांडण झालं की बाबा तक्रार घेऊन मावशीकडे जायचे आणि मावशी बाबांनाच झापून परत पाठवायची.

दोघींच्या डाव्या हातावर एकच गोंदण. तुळस, आणि खाली पाच ठिपके.

लहानपणी गावच्या जत्रेत एकाच बाईकडून एकामागोमाग एक काढून घेतलेलं. आई रडली होती, मावशी नाही. हे मावशी आम्हाला दर वर्षी सांगायची आणि आई दर वर्षी चिडायची.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गोंदणातला शेवटचा ठिपका मोठा व्हायला लागला.

मी तो हात रोज बघत होते. "वय झालं की गोंदन पसरतंय," आई म्हणाली, आणि मीही मान डोलावली. काळ्यात काळं, कोण कशाला निरखून बघतंय?

पकडलं ते मावशीने. ओट्यावर दोघी वाल सोलत बसल्या होत्या. मावशीने आपला हात आईच्या हाताशेजारी ठेवला.

"माझा तं येवढासाच हाय गो. तुझा कसा मोठा झाला?"

दुसऱ्या दिवशी तीच आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. मग मुंबईचं हॉस्पिटल, बायोप्सी. मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. मी गुगल केलं आणि फोन उलटा करून ठेवला.

डॉक्टर म्हणाले, आजूबाजूच्या कातडीसकट काढावं लागेल. गोंदण जाईल.

आई म्हणाली, न्हाय.

आमच्याकडच्या जुन्या बायका मानतात, मेल्यावर बाईबरोबर फक्त गोंदण जातं.

"सोना सगला इथंच काढून घेतान. गोंदन तेवढा संगं येतंय. तोच कापला तं वर मना कोन वलखील?"

मी समजावलं. भाऊ ओरडला. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, थांबायला वेळ नाही. पंधरा दिवस आई जागची हलली नाही. रागाने मी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग मावशी आली. पदर खोचून आईसमोर बसली, हात पुढे केला.

"माझ्या हातावर तोच हाय ना? वर कोनी ईचारला तं मी सांगन, हिचा बी व्हता, डॉक्टरनी कापला."

"आन मी आधी गेली तं?"

"मंग थांब दारात. मी येतंय."

आईला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली.

पुढचं दीड वर्ष सगळं हॉस्पिटलचंच. मांडीची कातडी काढून हातावर लावली. काखेतल्या गाठी काढल्या. मग दर तीन आठवड्यांनी सलाईन.

भाऊ गाडीने सोडायचा, मी रजा टाकायचे. मावशी मात्र एकदाही चुकली नाही.

डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. डबा उघडला की वेटिंग एरियातली सगळी माणसं वळून बघायची. मावशी त्यांनाही वाढायची. येताना कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक लागला की दोघी एकमेकींच्या खांद्यावर पेंगायच्या. आईला उलटी आली की पिशवी मावशीच्या हातात आधीच उघडलेली असायची.

बाकावर एकच जागा असली तर आई मात्र मावशीला बसवायची.

"पेशंट मी, आन पाय हिचं दुखतान," म्हणायची. आम्ही हसायचो.

मागच्या महिन्यात आईचा स्कॅन क्लिअर आला. आळीत पेढे मावशीने वाटले.

आणि दहा दिवसांपूर्वी सकाळी चूल पेटवता पेटवता मावशी भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

हार्ट. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने कमजोर असणार. धाप लागत नव्हती का? पायांना सूज नव्हती का?

होती. दोन्ही होतं. आम्हाला वाटायचं, वय आहे, गाडीत पाय लोंबकळतात.

काल आई म्हणाली, "माझा वर व्हता, सगल्यांना दिसला. तिचा आत व्हता."

एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. आईलाही ती आठवत असेल, पण ती बोलत नाही.

मी घाईची बाई. गोडाऊनमधून ट्रक वेळेत सोडणं हे माझं काम, आणि घरच्यांनाही मी तसंच हाकते. सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या लिफ्टला गर्दी होती म्हणून आम्ही जिन्याने निघालो. आई माझ्या मागोमाग आली. मावशी वळणावर कठडा धरून थांबली.

मी वरून ओरडले, "मावशी, चल ना पटापट, नंबर जाईल! पेशंट कोण, तू की आई?"

ती हसली. "आली गो बाय, आली," म्हणत चढली. तीन मजले.

दीड वर्षात तू दर खेपेला आईला विचारलंस, आज कसा वाटतंय. दमलेली दिसले की मलाही विचारलंस.

तुला आमच्यापैकी कुणी एकदाही विचारलं नाही.

चुकलं माझं, मावशी.

जा आता. सावकाश जा, बसत बसत जा. मी घाई करणार नाही.