पोटातल्या चौदा सुया

बहात्तर सालच्या भादव्यात पाथर्डीकडच्या त्या गावात बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. एका दुपारी सूर्यभान रानात असताना बांधावरून एक कोल्हा आला. माणूस दिसला की कोल्हा पळतो. हा लाळ गाळत, झोकांड्या खात सरळ अंगावर आला आणि त्याच्या मनगटाला चावला. सूर्यभाननं खुरप्यानं त्याला तिथंच मारला. घरी बायकोनं, कडूबाईनं, जखमेत चुना आणि तिखट भरलं. शेजारच्या गावातल्या एका जाणत्यानं झाडपाला दिला. जखम भरून आली, तसा कोल्हा सगळे विसरले.

दिवाळीच्या सुमारास सूर्यभानच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. दुष्काळी कामावर दोघं नवराबायको खडी फोडत होते, म्हणून त्याला वाटलं, घणानंच हात भरून आला असेल. मग एका सकाळी तांब्या तोंडाला लावला आणि त्याचा गळा आवळला. पाणी नुसतं दिसलं तरी त्याला झटके येऊ लागले.

कडूबाईच्या सासऱ्यानं, कारभारींनी, बैलगाडी जुंपली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काही चावलं होतं का विचारलं आणि कोल्ह्याचं ऐकून म्हणाले, "आता उपाय नाही. घरी न्या. ज्यांच्या हाताला याची लाळ लागली असेल, त्यांनी मात्र पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची. रोज एक."

तिसऱ्या दिवशी सूर्यभान गेला. कडूबाई रडली नाही. बाया तिला धरून बसल्या होत्या, ती आपल्या हातांकडं बघत होती. खडी फोडून बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि त्याच बोटांनी तिनं तीन दिवस नवऱ्याचं तोंड पुसलं होतं.

राख सावडून झाल्यावर ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, मी दवाखान्यात जाते."

"सुतकात? कोल्हा तुला कुठं चावलाय?"

"न्हाई चावला," ती म्हणाली आणि चालू लागली.

दवाखाना तीन कोसांवर होता. रतनबाई नावाच्या नर्सनं बेंबीच्या बाजूला सुई टोचली. कडूबाईला दुखल्याचं कळलं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं. परत येताना दारादारांतल्या बाया बोलायच्या थांबत. तिला त्याचंही काही वाटलं नाही. पोटावर गाठी आल्या. लुगडं सैल नेसून ती रोज जात राहिली.

सहाव्या सुईच्या दिवशी ती वेशीपर्यंत आली, तर मागून कारभारी आले.

"काय मामा?"

"मीबी पुसलं हुतं त्याचं तोंड," ते म्हणाले. "तू पानी आनाया गेल्तीस तवा."

दोघं चालू लागले. ती पुढं, ते दहा पावलं मागं. दहाव्याचा विधी सकाळी उरकला आणि मुंडन केलेल्या डोक्याला उपरणं गुंडाळून कारभारी त्याही दिवशी तिच्याबरोबर गेले. रतनबाईनं त्यांना आधी टोचलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, ओठ दाबून धरले. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि कडूबाई शेजारी उभी राहिली.

तिच्या चौदा सुया झाल्या, त्यांच्या पाच उरल्या. ते पाचही दिवस ती त्यांच्याबरोबर गेली. शेवटच्या दिवशी रतनबाईनं तिला एकटीला बाजूला घेतलं.

"बाई, तू रडलीस का गं एकदा तरी?"

कडूबाईनं थोडा विचार केला. "न्हाई अजून," ती म्हणाली.

पुढं दोघांनाही काही झालं नाही. शेवटच्या सुईच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खडीच्या कामावर गेली. मुकादमानं तिचं नाव जोडप्यांतून काढून एकट्या बायांच्या टोळीत घातलं होतं. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि त्या टोळीत जाऊन बसली.