लोंढा नव्हे, भोवरा

आज चहा ढवळताना कपात पत्ती गरगरली आणि परळच्या मैदानातली संयुक्त महाराष्ट्राची सभा आठवली. वक्ते ‘जनसागर’, ‘महापूर’, ‘लोंढा’ असे शब्द सढळ हाताने वाटत होते. तेवढ्यात मागे पळापळ झाली आणि गर्दी गोल फिरू लागली. लग्न नवं होतं. मी बायकोचा हात घट्ट धरून तिला सरळ बाहेर ओढू लागलो.

“अहो, लोंढा कसला, भोवरा आहे हा!” मालवणच्या खाडीत पोहलेली ती ओरडली. “ओढू नका. हात सोडा, फिरत फिरत कडेला या.”

जिवावर आलं, पण हात सोडला. दोन वळसे देऊन गर्दीने मला फाटकाशी आणून टाकलं. ती आधीच तिथे, पदर सावरत उभी.

“पोचलात?”

वक्ते अजून महापुरातच होते. पण वळसे घेत का होईना, महाराष्ट्रही काठाला लागेल असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.