कवळीवाल्यांची सध्याची रेकॉर्ड

आमच्या मंडळात नवीन कोणी आलं की मी आधी त्याचे हात बघतो. रेकॉर्ड कडेनं धरतो की पंजा पसरून, यावरून मला माणूस कळतो. कवळीवाल्यांनी पहिल्याच दिवशी रेकॉर्ड अशी धरली, की मी उठून त्यांना माझी चांगली खुर्ची दिली. हात हलका असणारच. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि हे मागच्या एका खोलीत बसून त्यांवरून लोकांच्या कवळ्या घडवतात. त्या खोलीला खिडकी नाही, कारण वाऱ्यानं भुकटी उडते. हे त्यांनीच सांगितलं, तेही मालकाची बाजू घेऊन. माणूस असा, की कोणाचीही बाजू घेईल, स्वतःची सोडून.

घरी आई. ती अंथरुणाला खिळलेली नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. चालायची, चवीनं जेवायची, शेजारणीशी भांडायची. फक्त मुलगा फार वेळ नजरेआड झाला की तिला धाप लागायची. त्या धापेपायी कवळीवाल्यांचं लग्न राहिलं, दुसऱ्या गावची चांगली नोकरी राहिली. रेकॉर्ड प्लेअरसुद्धा आईच्याच खोलीत, कारण दुसरीकडे लावला तर ती हाका मारत बसायची. रविवारी दुपारी शेजारीण तिच्यापाशी थांबे, तेवढ्यात हे माझ्या माडीवर येत. खाली माझं तसबिरींना चौकटी करायचं दुकान आहे आणि वर आम्ही जॅझ ऐकतो.

आमची पद्धत साधी. सध्या जे ऐकतोय आणि आवडतंय ते प्रत्येकानं आणायचं, का आवडतंय ते सांगायचं, मग त्याची एक बाजू लावायची. बाजू संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम एका ट्रंपेटवाल्यावरून आम्ही हमरीतुमरीवर आलो तेव्हापासूनचा आहे.

त्या सुमारास कवळीवाल्यांच्या बहिणीनं आईला कायमचं आपल्याकडे न्यायची तयारी दाखवली होती. तिचं घर मोठं, नवरा भला. दादा, आता तू मोकळा हो, असं तिनं सांगितलं होतं. आई रुसली होती, पण नाही म्हणाली नव्हती. अडलं होतं ते यांच्या होकारावर. आम्ही सगळे हात धुऊन मागे लागलो होतो आणि हे नुसतं ‘बघू’ म्हणत. त्यांच्या त्या ‘बघू’चा मला मनस्वी राग यायचा.

एका रविवारी ते जुन्या सामानात मिळालेली एक रेकॉर्ड घेऊन आले. मूळ वेष्टन नव्हतं, कोरा पुठ्ठा होता. एरवी दोन वाक्यांत आटपणारा माणूस त्या दिवशी बोलतच राहिला.

“सध्या रोज हेच ऐकतोय,” ते म्हणाले. “सॅक्सोफोन आहे, जरा जाड आवाजाचा. एखादा माणूस बंद खोलीत फिरत असावा तसा वाजतो. भिंतीपर्यंत जातो, परत येतो. दार शोधत नाही, तक्रार करत नाही. ऐकून वाटतं, असंही जगता येतं की. छान जगता येतं.”

आमच्यातल्या वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीला काय उत्तर जाणार ते आम्हाला कळून चुकलं.

मी रेकॉर्ड लावायला घेतली. मोठी रेकॉर्ड म्हटली की हात आपसूक मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या हळू वेगाकडे जातो. पण काही मोठ्या रेकॉर्डी पंचेचाळीसच्या असतात, म्हणून मी लेबल वाचतो. कडेला बारीक आकड्यांत पंचेचाळीस होतं. मी कळ फिरवली, सुई टेकवली.

सॅक्सोफोन शाळा सुटल्यासारखा धावत सुटला. मागे ड्रमवाला, त्याच्या मागे पियानोवाला, सगळे नुसते खुशीत. इतके दिवस हे गृहस्थ ती हळू वेगात ऐकत होते. इतका मुरलेला कान फसला कसा, याचं मला नवल वाटलं, आणि मग वाटलं नाही. वकीलबाईंनी हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला. नियमामुळे बोलायची सोय नव्हती. कवळीवाले गुडघ्यांवर हात ठेवून फिरत्या रेकॉर्डकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाजू संपली. मी सुई उचलली.

“म्हणजे हा बाहेरच होता,” ते म्हणाले. “मला वाटत होतं, सोबत आहे.”

मग मात्र मी गप्प बसलो नाही. आजच्या आज बहिणीला हो म्हणून कळवा, असं त्यांना चांगलं फैलावर घेऊन सांगितलं. वकीलबाईंनीही री ओढली. ते आधी कानकोंडे झाले, मग चक्क हसले आणि करतो फोन म्हणाले. जिना उतरताना ती धून गुणगुणत होते, तीही खऱ्या वेगात. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाची चौकट उलटी ठोकली.

पुढच्या रविवारी ते वेळेवर आले. बगलेत तोच कोरा पुठ्ठा. बहिणीचं काय झालं, मी जिन्यातच विचारलं.

घरी जाऊन त्यांनी रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली होती. आईला एक बाजू ऐकवायची, मग तिच्यासमोरच फोन करायचा, असं ठरवून. आईनं थोडं ऐकलं आणि उठून बसली.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, हे कसलं घाईचं लावलंस? कुठं जायचंय तुला? आपलं नेहमीचं लाव.”

“मग?”

“लावलं. तिला लगेच झोप लागली.”

बहिणीला त्यांनी राहू दे म्हणून कळवलं होतं. मी बरंच काही बोलणार होतो, पण तेवढ्यात वर त्यांची पाळी आली. सध्या हेच ऐकतोय, एवढंच ते म्हणाले आणि तेहतीसवर लावायची मला विनंती केली. मी लावली. सॅक्सोफोन भिंतीपर्यंत गेला, परत आला. बाजू संपेपर्यंत कोणाला बोलता येत नव्हतं, आणि त्या वेगानं ती बाजू संपता संपत नाही.