तेलुगू सिनेमा आणि आमचा मावसो

माझ्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मावशाला, जगातल्या सगळ्या भाषा येत आणि त्यातली एकही तो शिकलेला नव्हता. बारा वर्षं तो बोटीवर होता. आपण सारंग होतो, म्हणजे खलाशांचे मुकादम, असं तो सांगे. आणि एवढी बंदरं पाहिली की भाषा आपोआप अंगात मुरतात, असं त्याचं म्हणणं. आमच्या कट्टा गावच्या स्टँडवर कोणी कानडी कासार उतरला की मावसो त्याला गाठून कानडीत बोलायचा, आणि तो बिचारा बांगड्या न विकताच पुढची गाडी धरायचा. शेजारच्या कुत्र्यावर मावसो चिनी भाषेत ओरडे. कुत्रं ऐकायचं, हे मात्र खरं.

दुसरा अभिमान मर्दपणाचा. स्वयंपाकघराचा उंबरा त्याने कधी ओलांडला नाही. घशाला कोरड पडली तरी ओटीवर बसून हाका मारील, पण घागरीला हात लावणार नाही. नाक मात्र असं, की आत कालवणाला कढ आला की ओटीवरून हुकूम सुटे, "सोलां जास्त झाली गो!" मावशी चाखून बघायची, तर आमसुलं खरंच जास्त झालेली असायची. तिला दमा होता, चुलीचा धूर सोसत नसे. म्हणून रांधायची ती त्यांची मुलगी शाली. या शालीला रत्नागिरीहून मास्तरणीच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि मावसो म्हणाला, "शाली गेली तर रांदतला कोण? मी?" या विनोदावर तो एकटाच पोट धरून हसला. शाली परसात जाऊन रडली.

आदल्या शनिवारी माळावरच्या तंबूत पौराणिक सिनेमा लागायचा होता. एस.टी.तून पेटी उतरली ती चुकीची. आत निघाला तेलुगू सिनेमा. तिकिटं विकून झालेली. तंबूवाला रडकुंडीला आला तेव्हा मावसो उठला, पत्र्याचा भोंगा उचलला आणि पडद्याशेजारी स्टुलावर जाऊन बसला. तो आता आम्हाला सगळं मालवणीत सांगणार होता.

सिनेमा भलताच निघाला. त्यातली आजी कचेरीत बसून हुकूम सोडत होती आणि आजोबा घरी भाताची पेज गाळत होते. मावसो भोंग्यातून म्हणाला, "बायल आजारी आसा म्हणान आजच्यापुरतो रांदता." मग त्यांचा मुलगा तांदूळ निवडायला बसला. "ह्येची बायल म्हायेराक गेली." मग नातू भांडी घासायला लागला. मावसो घामाघूम झाला. "हेका... हेका भूतान धरल्यान!" बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

तेवढ्यात पडद्यावरच्या मुलाने माशाच्या रटरटत्या टोपात पळी घातली आणि गरागरा ढवळलं. मावसो ताडकन उभा राहिला.

"अरे मेल्या, पळी काढ! माशे मोडतले! टोप धरून हलय!"

बायकांच्या बाजूला मावशी उठली. "तुमका ह्या कसा ठावक?"

मावशाला भोंगा खाली घ्यायचं भान राहिलं नव्हतं, त्यामुळे उत्तर सगळ्या गावाने ऐकलं. "बोटीर मी रांदपी होतो." बारा वर्षं अख्ख्या बोटीला जेवू घालणारा आचारी आमच्या डोळ्यांदेखत स्टुलावर मटकन बसला.

"मगे शाली सोमवारी जातली," मावशी म्हणाली आणि पुढचा सिनेमा बघू लागली.

रविवारी मावशाने पुढचं दार लावून घेतलं, धोतर खोचलं आणि चुलीपुढे बसला. दार लावून काही उपयोग झाला नाही. बांगड्याच्या कालवणाचा वास आला तशी शेजारीपाजारी वाट्या घेऊन हजर झाले. शाली गेली, शिकली, शिरोड्याला मास्तरीण झाली. तिला बघायला आलेल्या मुलाला मावशाने एकच प्रश्न विचारला, "रांदूक येता?"

मावशी आता ओटीवर बसायची, धुरापासून लांब. तिथून ओरडायची, "सोलां जास्त झाली, अवो!" तिला त्याचं नाक नव्हतं. तिचं दर वेळी चुकायचं. तरी मावसो मुकाट्याने एक सोल काढून टाकायचा.

मावशी गेल्यावर एकदा मी त्याच्याकडे जेवायला गेलो. मी उगाच मोठ्याने म्हटलं, "कालवण झकास झालंय, मावशा."

"तुका काय कळता?" तो म्हणाला. "ती चुकीचाच सांगायची. पण कोणीतरी सांगूक होया रे."

मग रिकाम्या ओटीकडे बघत त्याने टोपातलं एक सोल काढलं आणि बाजूला ठेवलं.