आईचं काम गेलंच नव्हतं

टीव्हीवर कुणी टायवाला 'यंदा रोजगारवाढीचा दर इतका' म्हणाला, की माझं टाळकं सरकतं. घरातले हसतात, म्हणतात, आजीचं सुरू झालं. हसा लेको! ही वाढ कशी काढतात ते मी लहानपणी आमच्या दारात बघितलंय.

आज जुईनगर स्टेशन आहे ना, त्या बाजूला साठच्या दशकात खाडीलगत मिठागरं होती. तिथली एक रीत होती. एकट्या बाप्याला काम मिळायचं नाही, लग्न झालेला गडीच लागायचा. तो फावड्यानं मीठ ओढणार, पण टोपलीत भरून डोक्यावरून राशीपर्यंत नेणार कोण? त्याची बायको. तरी हजेरीला मुकादम नाव पुकारायचा ते फक्त बाप्याचं. आमच्या घरातून बाप, आई आणि थोरला भाऊ, तिघं राबायची. पुकारा एकट्या बापाचा. आईच्या पायांना ह्या एवढाल्या भेगा. त्यात खारं पाणी गेलं की ती ओठ चावायची आणि पुढची टोपली उचलायची.

मग रस्त्याकडेला कारखाना आला, मिठागरावर भराव पडला. बाप आणि भाऊ कारखान्यात लागले. आई घरी. बसून खायची सवय नव्हती तिला, जीव नुसता तळमळायचा. अशात बातमी आली, की पॅकिंगला बायका घेणार, आणि भरावात ज्यांचं काम गेलं त्यांना आधी. आई काय खुलली! ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं तिनं.

त्याच आठवड्यात कारखान्याचा एक शर्टपँटवाला पेन्सिल घेऊन दारात आला. आई विहिरीवर गेली होती. त्यानं बापाला विचारलं, "मिठागरावर घरातलं कोण कामाला होतं?"

"मी."

"आणि बायको?"

"ती काय, घरानच असते."

मी तिथंच होते. ओरडले, "आय पन जायची की!" बापानं असे डोळे वटारले, की मी दाराआड पळाले. तो मुद्दाम खोटं बोलला असता तर एक वेळ परवडलं असतं. पण नाही! जन्मभर मुकादमानं एकच नाव पुकारलेलं, तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याच्या लेखी तो खरंच सांगत होता.

भरतीच्या दिवशी आई ते लुगडं नेसून मला घेऊन गेटवर गेली. खिडकीतल्या कारकुनानं यादीवरून मान वर न करता सांगितलं, "बाई, तुमचं काम गेलंच नाही. तुम्ही कधी कामाला नव्हताच." आईला आधी कळलंच नाही. मग तिनं लुगडं जरा वर धरलं आणि चारचौघांत पाय दाखवले. "हे काय घरान बसून झालं?" कारकुनानं तोंड फिरवलं. मेल्याला बघवेना, पण मागच्या बाईला पुढं बोलवायला बरोबर जमलं.

वर्ष सरता कारखान्यात सत्यनारायण होता. अख्खं गाव प्रसादाला. साहेब माईकवर म्हणाले, "या गावात गेल्या वर्षी घरटी एक माणूस कामाला होता. आज दोन आहेत. एका वर्षात रोजगार दुप्पट!" टाळ्यांचा कडकडाट. अरे, कसले दुप्पट? तिघं राबत होती, आता दोघं राबतात, आणि म्हणे दुप्पट! तेव्हा मला हिशेब मांडता आला नसता, पण अंगाची नुसती आग झाली. बाप पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आईनं त्याच्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि प्रसाद न घेताच घरी निघाली.

आम्ही मागनं पोचलो तर पानं वाढलेली. बापानं पहिला घास घेतला आणि थांबला.

"कालवनान मीठ नाय?"

आई चुलीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. "मला काय ठाव मिठाचं? मी कदी मिठावर गेलीच नाय ना."

भावानं मान खाली घातली. बापानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते अळणी कालवण भातासकट निमूट संपवलं. मला त्याची जरासुद्धा दया आली नाही. अजून येत नाही.