समुद्रातल्या माशांले कणीक

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माह्या पोरानं समुद्र आणून ठेवला आहे. खोटं नाही सांगत. हॉलमध्ये ही एवढी काचेची टाकी, तळाले पांढरी वाळू, दगडांवर जिवंत प्रवाळ, आन् त्यात नारंगी पट्ट्यांचे मासे फिरून राहिले. नागपूरले समुद्र कुठचा? म्हणून हा बाप्पा खास मीठ मागवते, गाळलेल्या पाण्यात घोळते आन् घरीच समुद्र बनवते. मिहानमधल्या ऑफिसातून आला की चपला काढायच्या आधी टाकीपाशी. आई जेवली का, ते मागून.

मी उमरेडची. घरी माग चालायचे तेव्हापासून तळ्यावर जाऊन मासोळ्यांले कणीक टाकायची सवय सासूनं लावली. पुण्याचं काम. इथं तळं दूर, गुडघे धड नाहीत, आन् मासे तर डोळ्यांसमोर. पोरगा-सून कामावर गेले की मी पोळ्यांच्या कणकेतून मुगाएवढ्या गोळ्या करायची आन् टाकीत सोडायची. मासे यायचे, तोंड लावायचे, थुंकून द्यायचे. गोळ्या वाळूत जाऊन बसायच्या. मी म्हणायची, भूक लागली की खातील. अक्कलच तेवढी.

मग वाळूवर लाल डाग दिसले. पाहता पाहता सगळ्या तळाले लाल साय धरली. पोरगा नळीनं ओढून काढायचा, खालची वाळू पांढरी दिसायची, आन् परत तेच. साय प्रवाळावर चढायले लागली तसा तो चिडचिडा झाला. म्हणे, हे शेवाळ नाही, जीवाणू आहेत. ते सगळ्याच टाक्यांत असतात, पण उरलेलं खाणं सडलं की माजतात.

उरलेलं खाणं म्हटल्याबरोबर मले वाळूत बसलेल्या माह्या गोळ्या आठवल्या. समजलं मले, बरोबर समजलं. गोळ्या बंद केल्या, पण तोंड उघडलं नाही.

माशांले खाणं द्यायचं काम सुनेचं. रोज सकाळी डबीतले दाणे टाकायची. आन् ती साखरेसारखी बारीक वाळूही तिनंच पसंत केली होती, याले जाड पाहिजे होती. मग काय, सापडली तावडीत.

"तुले किती वेळा सांगितलं, हात आवरून टाकत जा," तो म्हणे. "आन् वाळू तुह्याच पसंतीची. दबून बसली, सगळं वरच्या वर सडून राहिलं."

"मी चिमटीनंच टाकते," ती म्हणाली.

"मग हे कुठून आलं?"

त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं भरलेला जेवणाचा डबा तो ओट्यावर तसाच ठेवून ऑफिसले जायचा. ती सकाळी टाकीपुढं उभी राहायची, डबी हातात, आन् मी बाजूले मेथी निवडत बसायची. सून म्हणजे माह्यी लेकच, असं चार जणींत मिरवणारी मी. लाज वाटत नव्हती का? वाटत होती, मेथीची काडी न् पान कळत नव्हतं इतकी. तरी बोलली नाही. पोरगा म्हणेल, म्हातारीनं माह्या समुद्राचं वाटोळं केलं. त्याच्या नजरेतून उतरायची भीती होती मले, दुसरं काही नाही.

रविवारी त्यानं बारीक वाळू सगळी उपसली आन् जाड आणली. सून बाथरूमात बसून ती बादलीत धुऊन राहिली होती. हा तिच्या डोक्यावर उभा.

"पाणी नितळ येऊ दे. यावेळी तरी नीट कर," तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. तिच्या हातांची बोटं पाण्यानं सुरकुतली होती. तिथं मले राहवलं नाही.

"तिले काहून बोलून राहिला गा?" मी म्हटलं. "कणकेच्या गोळ्या मी टाकत होती. रोज टाकत होती."

तो माह्याकडं पाहत राहिला. आता हा भडकते, म्हणून मी दाराची चौकट धरली. आन् तो हसला. पोट धरधरून हसला.

"आई, तू बी ना. समुद्रातल्या माशाले कणीक?" माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "जाऊ दे वं, तुले काय माहीत." मग बाहेर जाऊन मित्राले फोन लावला आन् त्यालेही हसत हसत सांगून राहिला. झालं, मिटलं. ज्या चुकीपायी तिनं इतके दिवस ऐकून घेतलं, ती माह्या वेळेले नुसता किस्सा झाली.

तिच्याकडं त्यानं पाह्यलंही नाही. त्यानं मले शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तेव्हा जी शरम वाटली, तशी आयुष्यात वाटली नाही. मी गुडघे धरत तिच्यापाशी खाली बसली आन् बादलीत हात घातला.

वाळू चोळता चोळता ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मले तर वाटून राहिलं होतं, माह्याच हाताले माप नाही. दाणे टाकायची हिंमतच होत नव्हती. आठवड्यापासून मी माशांले उपाशी ठेवून राहिली."