आप्पांच्या रेकॉर्डवर माझं पत्रक

आमच्या सीमाभागात सरकारी फॉर्म मराठीतही मिळालेच पाहिजेत, हे मी कॉलेजपासून ओरडून सांगते आहे आणि मिळेपर्यंत सांगणार आहे. पत्रकं मीच लिहिते, छापून आणते, टिळकवाडीत दारोदार वाटते. उरलेले गठ्ठे माझ्या खोलीत, जुन्या रेकॉर्डींच्या कपाटाशेजारी. कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून, निपाणीत घर आवरणाऱ्यांकडून एकेक करत कपाटभर जमवल्यात. वेड मात्र माझ्या वडिलांचं, आप्पांचं.

गेल्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी आली. नवी घ्यायची सोडून मी शहाणपणा केला. नुकतीच छापून आलेली, लाल शाईची पत्रकं घडी घालून रेकॉर्डींना पाकिटं केली. आमच्याकडची ओल काय सांगावी! महिन्याभरानं आप्पांनी त्यांची लाडकी रेकॉर्ड काढली, तर तिच्यावर माझं पत्रक उलटं उमटलेलं.

ती कन्नड नाटकातल्या गाण्यांची. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागल्यावर आप्पांना कन्नडची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा घेतलेली. ऐकून ऐकून त्यांनी उच्चार घोटले. भाषा लादली तुमच्यावर, असं मी एकदा त्यांना सुनावलं होतं. "परीक्षा लादली, व्हय," ते म्हणाले होते. "गाणं मी माझ्या हौसेनं आणलं."

 आता मात्र त्यांनी रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि चष्मा पुसत बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

मोर्चाचे बोर्ड रंगवून झाले की आम्ही कार्यकर्ते हात रॉकेलनं धुतो. तीच बाटली घेतली. मग धीर होईना, म्हणून रेकॉर्ड घेऊन कॅम्पातल्या अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे कन्नड म्हातारे. माझं प्रत्येक पत्रक वाचून माझ्याशी भांडतात.

"रॉकेल लावलं असतंस तर गाणं गेलंच असतं बघ," बाटलीचं ऐकून ते म्हणाले. मग रेकॉर्ड आरशासमोर धरून मजकूर सावकाश वाचला. "आत कन्नड, वर मराठी. दोन्ही भाषा झाल्या की गं! हेच मागताय न्हवं?"

"चेष्टा नको अण्णा. आप्पा बोलंनात माझ्याशी."

"बोलतील. बस हितं, ब्रश धर."

इन्व्हर्टरला घालतात ते शुद्ध पाणी, त्यात शाम्पूचा थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा न्हाई. दुपार त्यात गेली. पत्रकातल्या मागण्या लवकर निघाल्या, 'अन्याय' काही सुटेना.

"शाई लई चांगली वापरता," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर आप्पांनी स्वतः सुई ठेवली. मी दारातच उभी. गाणं आलं, स्वच्छ. दुसऱ्या कडव्यात, 'अन्याय' चिकटला होता तिथं, मात्र टक्, टक्, टक्. तीन फेऱ्या, मग पुन्हा गाणं. 

"आप्पा, चुकलंच माझं."

ते मांडीवर ताल धरून होते. सुई उचलून पुन्हा त्याच कडव्यावर ठेवली, कान देऊन ऐकलं.

"समेवर येत न्हाय गं ते टक्टक," आप्पा म्हणाले. "जरा आधीच पडतंय. तुझ्यासारखंच उतावळं. बस की, उभी काय ऱ्हायलीस!"